सकाळी होते, रात्रीच का होत नाही?

पत्र: माझं वय २६. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. पाच एकर वावर आहे, विहीर आहे. वैशाखात लग्न झालं. सहा महिने झाले, पण संबंध एकदाही धड झाला नाही. ऐन वेळी ढिलं पडते. सकाळी उठलो की बरोबर असते, एकटा असलो तरी बरोबर असते. बायको काही बोलत नाही, त्याचंच जास्त लागते. खर्रे दिवसाला पाच-सहा होतात. मित्रानं मेडिकलमधून १०० ची गोळी आणून दिली. मटणाचं जेवण झाल्यावर, थोडी घेऊन, ती खाल्ली. तीही फेल गेली, वरून डोकं फुटल्यासारखं दुखलं. बाजाराच्या दिवशी एक जडीबुटीवाला बसते. तो म्हणते, लहानपणीच्या चुकीनं नस मेली, पंधरा हजाराचा कोर्स कर. आई गोड बातमीची वाट पाहून राहिली. कधी कधी वाटते, जगून काय उपयोग? खरं सांगा, मी कामातून गेलो काय?

उत्तर:

भाऊ, नाही. आणि हे धीर द्यायचा म्हणून सांगत नाही. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे, त्याकडे येतोच. त्याआधी शेवटून दुसऱ्या ओळीबद्दल बोलू.

‘जगून काय उपयोग’ हा विचार क्वचित येऊन जात असेल, तरी तो एकट्यानं गिळू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात किंवा कोठ्यात फवारणीचं औषध उरलं असेल तर ते आजच कुलपात ठेवा आणि चावी भावाकडे किंवा वडलांकडे द्या. कारण सांगायची गरज नाही. विचार रोज यायला लागला, झोप उडाली, जेवण जाईना, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. ताठरतेच्या तक्रारीमागे बरेचदा उदासीचा आजार असतो. तो औषधानं बरा होतो, आणि तो बरा झाला की खालची अर्धी तक्रार आपोआप हलकी होते.

आता पुरावा. लिंगात हाड नसतं. आत सच्छिद्र ऊतीच्या दोन नळ्या असतात. मनात इच्छा आली, स्पर्श झाला की तिथल्या मज्जातंतूंमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले बारीक स्नायू सैल होतात आणि नळ्यांमध्ये रक्त भरतं. भरून फुगलेल्या नळ्या रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबून धरतात, म्हणून ताठरता टिकते. निरोगी पुरुषाला झोपेत हे रात्रीतून साधारण तीन ते पाच वेळा होतं. सकाळची ताठरता म्हणजे त्यातलीच शेवटची. ती तुम्हाला येते, याचा अर्थ नसा, रक्तवाहिन्या आणि संप्रेरकं आपलं काम करत आहेत. विहिरीवरची मोटर चालू आहे, पाइपही फुटलेला नाही, फक्त ऐन वेळी कोणीतरी वाल बंद करतं.

तो वाल बंद करते भीती. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालिन वाढतं. छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, आणि लिंगातले जे स्नायू सैल व्हायला हवेत तेच आवळतात. आत आलेलं रक्त निघून जातं. रानडुक्कर समोर आलं तर कोणालाच ताठरता येणार नाही, आणि यायलाही नको. शरीराची रचनाच तशी आहे. तुमची गोची अशी की पहिल्या रात्री एकदा असं झालं. लग्नाच्या धावपळीनं दमलेली, एकमेकांना जेमतेम ओळखणारी दोन माणसं, दाराबाहेर पाहुणे, आणि त्यांनी त्याच रात्री सगळं करून दाखवायचं! तेव्हा जमलं नाही यात नवल काहीच नाही. पण दुसऱ्या वेळी ‘आज तरी होते काय’ ही धास्ती घेऊनच तुम्ही जवळ गेलात. तिसऱ्या वेळी लक्ष बायकोकडे नव्हतंच, सगळं लक्ष स्वतःच्या लिंगाकडे होतं. स्वतःवर पहारा ठेवला की इच्छा मरते. सहा महिने हेच चक्र फिरतंय.

तरीही सगळं मनावर ढकलून मोकळं होऊ नका, दोन साध्या तपासण्या करून घ्याच. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बऱ्याच बारीक असतात, म्हणून साखर, रक्तदाब किंवा तंबाखूचा मार कधी कधी आधी इथे दिसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात उपाशीपोटी साखर आणि बीपी तपासा. साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मधुमेह आहे का ते ठरवतात. बीपी १४०/९० च्या खाली हवं. कंबरेचा घेर बेंबीजवळ टेपनं मोजा. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर कोलेस्टेरॉलही पाहावं. वडलांना शुगर असेल तर वय २६ आहे म्हणून तपासणी टाळू नका.

गावच्या केंद्रात सगळे ओळखीचे असतात, ही अडचण खरी आहे. शेजारच्या तालुक्याच्या रुग्णालयात जा. ओपीडी संपत आल्यावर गर्दी कमी असते, तेव्हा डॉक्टरांकडे शिरा आणि सरळ सांगा: ‘लग्नाला सहा महिने झाले, संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, सकाळी येते.’ ‘कमजोरी आहे’ एवढंच म्हटलं तर हातात टॉनिकची बाटली येईल. कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही सांगा. बीपीच्या काही गोळ्या, मनोविकाराची आणि उदासीची काही औषधं, केस गळू नयेत म्हणून घेतात ती फिनास्टेराइड, यांनी ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. मात्र अशी गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देतात. तालुक्याच्या जिममध्ये कोणी अंग भरायचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही लपवू नका, त्यानं शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनणं थांबतं.

टेस्टोस्टेरॉनची तपासणी मात्र तुम्हाला लगेच करायची नाही. इच्छाच संपली, सकाळची ताठरताही गेली, दाढी-मिशी विरळ झाली, तर ती करायची. रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. डेसिलिटरला साधारण ३०० नॅनोग्रॅमच्या खाली दोनदा आला तरच कमी म्हणतात. दुपारी चारला दिलेल्या रक्ताचा आकडा कमीच दिसतो, आणि त्यावर महिनोन्‌महिने इंजेक्शनं घेत बसणारे लोक आहेत.

आता गोळीबद्दल. ती १०० ची गोळी म्हणजे बहुतेक सिल्डेनाफिल. ती फेल गेली नाही, तिला तुम्ही कामच करू दिलं नाही. सिल्डेनाफिल उपाशी किंवा हलक्या पोटी, तासभर आधी घ्यायची असते. मटणाच्या तर्रीवर घेतली तर तिचा परिणाम साधारण तासानं लांबतो. तुम्ही वाट पाहून घाबरलात, तोवर ती रक्तात पुरती उतरलीही नसेल. वर दारू, ती स्वतःच ताठरता उतरवते आणि डोकेदुखी वाढवते. शिवाय ही गोळी ताठरता निर्माण करत नाही. आधी इच्छा आणि स्पर्श हवा, त्यातून जे रसायन तयार होतं ते लवकर संपू न देणं एवढंच तिचं काम. भीतीनं रसायनच तयार झालं नाही तर गोळी तरी काय टिकवणार? आणि सुरुवात ५० मिलिग्रॅमनं करतात, थेट १०० नं नाही. डोकं दुखणं, तोंड लाल होणं, नाक चोंदणं, नजरेला निळसर झाक दिसणं हे तिचे ठरलेले त्रास आहेत, मात्रा वाढली की तेही वाढतात.

आमचं मत असं की आधी दोन महिने गोळीशिवाय, खाली सांगितलेल्या पद्धतीनं पाहा. त्यानंतर गरज वाटलीच तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, कमी मात्रेत, काही आठवडे घेता येते. आत्मविश्वास परत आला की सोडायची, तिची सवय शरीराला लागत नाही. टाडालाफिल ही दुसरी गोळी ३६ तासांपर्यंत परिणाम ठेवते आणि तिला जेवणाचं बंधन नाही, त्यामुळे घड्याळाकडे पाहत बसणाऱ्या माणसाला ती सोयीची पडते. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं किंवा कोणतंही नायट्रेट घेणाऱ्यानं या दोन्हींना हात लावू नये, बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. यातली एखादी गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर डॉक्टरांना गोळी घेतल्याचं आधी सांगायचं. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही.

विदर्भात आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय ही गोळी देऊच नये, ती म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तुमची तपासणी झाली नसेल तर साखरेच्या रक्तासोबत तीही करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. एएस म्हणजे वाहक असाल तर सहसा काळजी नाही. एसएस म्हणजे रुग्ण असाल तर विळ्याच्या आकाराच्या पेशी लिंगात अडकून, इच्छा नसतानाही तासन्‌तास दुखरी ताठरता राहू शकते. सिकलसेलच्या रुग्णांवर सिल्डेनाफिलचा एक अभ्यास चालू असताना वेदनांचे झटके वाढल्यामुळे तो मध्येच थांबवावा लागला होता. म्हणून एसएस रुग्णानं मित्राकडून गोळी घेणं म्हणजे उघड धोका. आणि सिकलसेल असो वा नसो, ताठरता चार तासांच्या वर उतरली नाही तर रात्र आहे, लाज वाटते, असं म्हणून थांबू नका. मोठ्या रुग्णालयात जाऊन अडकलेलं रक्त काढून घ्यावं लागतं. उशीर झाला तर आतली ऊती कायमची खराब होते.

जडीबुटीवाल्याचे पंधरा हजार वाचवा. हस्तमैथुनानं नस मरत नाही, लिंग वाकडं होत नाही, वीर्य पातळ होत नाही. ‘शंभर थेंब रक्ताचा एक थेंब’ हा हिशोब खोटा आहे. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या स्रावाचा असतो आणि तो रोज बनत राहतो. कुंथताना दोन थेंब चिकट पाणी येतं ते त्या ग्रंथींवर दाब पडल्यानं, त्याला ‘धात जाते’ म्हणून घाबरायचं कारण नाही. त्याच्या बिनलेबलच्या पुडीनं कोणाला खरंच फरक पडला असेल, तर बरेचदा आत तीच सिल्डेनाफिल कुटून घातलेली असते, किती घातली ते त्यालाही माहीत नसतं. एकच गोष्ट मात्र तपासा. एकट्यानं करताना मूठ फार घट्ट आणि वेग फार असेल, सोबत मोबाइलवरचे व्हिडिओ असतील, तर शरीराला तेवढ्याच तीव्रतेची सवय होते आणि बायकोचा साधा स्पर्श कमी वाटतो. महिनाभर व्हिडिओ बंद, पकड सैल. एवढ्यानं बऱ्याच तरुणांना फरक पडतो.

खर्रा. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. पाच-सहा खर्रे म्हणजे दिवसभर थोडं थोडं आवळणं चालूच. जेवणानंतरचा आणि निजायच्या आधीचा खर्रा पहिल्यांदा तोडा, कारण तो नेमका तुमच्या त्या वेळेच्या तोंडावर येतो. मग दर चार दिवसांनी एक कमी. सगळा सुटल्यावर पहिले तीन दिवस चिडचिड आणि तलफ सगळ्यात जोरात असते, दोन ते चार आठवड्यांत ओसरते. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतं. ते बबलगमसारखं सतत चावायचं नसतं. झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फुकट सल्ला मिळतो. जाता जाता तोंडात तीन बोटं उभी जातात का पाहा. जात नसतील तर खर्र्यातल्या सुपारीनं आतली कातडी आखडत आहे, दातांच्या डॉक्टरांना दाखवा, ते ताठरतेपेक्षा तातडीचं आहे.

झोपेचं तुम्ही लिहिलं नाही, पण हरभऱ्याचे दिवस आहेत. रात्रीच्या लाइनीवर ओलित आणि वर डुकरांसाठी जागल असेल, तर पहाटे घरी येऊन लगेच संबंध जमेल अशी अपेक्षाच चुकीची. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात हा विषय बाजूला ठेवा. दिवसा लाइन असेल तेव्हा सात तास सलग झोप घ्या. वेगळ्या व्यायामाची तुम्हाला गरज नाही, वावरात तो होतो. एक बारीक व्यायाम मात्र करा. वायू सरताना आपण आवळून धरतो तसं गुदद्वार आत-वर ओढा, अंडकोष किंचित उचलले जातील. पाच सेकंद धरा, दहा सेकंद सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, कुल्ले आवळू नका, श्वास रोखू नका. सहसा लोकांचं इथेच चुकतं. परिणाम दिसायला तीन महिने लागतात. खाली दुखायला लागलं तर थांबवा.

आता मुख्य काम, आणि ते बायकोसोबत करायचं आहे. ती गप्प आहे याचा अर्थ तुम्ही ‘तिला माझी किळस येते’ असा घेतला असणार. तिच्या बाजूनं पाहा. नवीन घर, नवरा रोज जवळ येतो आणि तोंड फिरवून झोपतो. ‘मीच आवडली नाही काय’ हे तिच्या मनात नक्की येत असेल. दिवसा, वावरात किंवा तालुक्याला जाताना तिला एवढं सांगा: ‘तुझ्यात काही कमी नाही, मला ऐन वेळी धास्ती वाटते, डॉक्टरांनी दोघांना मिळून करायला सांगितलं आहे.’ अंथरुणात, नुकतंच फिसकटल्यावर हे बोलू नका.

मग दोघांनी ठरवून संभोग बंद करायचा. हो, बंद. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, वीस-पंचवीस मिनिटं फक्त हात, पाठ, मान, पाय, केस. एकानं स्पर्श करायचा, दुसऱ्यानं फक्त सांगायचं की कुठे बरं वाटतं, मग अदलाबदल. छाती आणि खालचे अवयव वर्ज्य. परीक्षाच रद्द झाल्यावर नापास कोण होणार? याच काळात अनेकांना न बोलावता ताठरता येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळं शरीर मोकळं, पण प्रवेश नाही. इथे मुद्दाम एक गोष्ट शिकायची आहे: ताठरता आली की हात थांबवायचे, ती उतरू द्यायची, पुन्हा स्पर्शानं येऊ द्यायची. असं दोन-तीनदा झालं की ‘गेली म्हणजे संपलं’ ही धास्ती मोडते. पाचव्या आठवड्यापासून बायको वर किंवा दोघं कुशीवर असताना, तिच्या हातानं आणि तिच्या इच्छेनं प्रवेश, हालचाल न करता थोडा वेळ थांबणं. ते दोन-तीनदा सहज जमलं की हालचाल.

या सगळ्यात हमखास चूक एकच होते. दुसऱ्याच आठवड्यात छान ताठरता येते आणि माणूस म्हणतो, ‘आज होऊन राहिलं तर उरकून घेऊ.’ घाई केली की धास्ती परत, आणि पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात. नियम मोडायचा नाही.

दोन खोल्यांच्या घरात, टिनाच्या छपराखाली आणि भिंतीपलीकडे आईवडील असताना रात्री हे अवघड आहे. घरचे निंदणाला किंवा बाजाराला गेलेले असतात ती दुपार वापरा, दाराला आतून कडी हवी. कोरडेपणानं तिला दुखत असेल तर खोबरेल तेल चालतं, मात्र निरोधसोबत तेल नको, रबर फाटतं. प्रवेशाच्या वेळी ती मांड्या आवळून घेत असेल, बोटही सहन होत नसेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. अशा जोडप्यात दोष नवऱ्याच्या माथी मारला जातो आणि खरी अडचण तिच्या वेदनेची असते. तुमच्या लिंगाची कातडी मागे जात नसेल किंवा जाताना दुखत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, छोटा उपचार असतो.

आईला सध्या एवढंच सांगा की दोघांनी ठरवलं आहे, वर्षभर लेकरू नको. ‘दिवस’ मोजून पाळणा हलवायचा दबाव हा ताठरतेचा मोठा वैरी आहे, आणि ताठरतेची अडचण म्हणजे मूल न होणं नव्हे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावजयीला किंवा मित्राला तपशील सांगू नका, गावात दोन दिवसांत पसरतो.

तीन महिने हे नीट करूनही फरक नसेल, किंवा मध्येच सकाळची ताठरता बंद झाली, लिंग वाकडं होऊन दुखायला लागलं, पायात मुंग्या येऊन बधिरपणा आला, तर मूत्रविकार तज्ज्ञांकडे जा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येईल. सेवाग्रामही तुमच्यापासून फार लांब नाही. गरज पडली तर ते लिंगाच्या रक्तप्रवाहाची डॉपलर सोनोग्राफी करतात. जाताना साखर, बीपी, सिकलसेलचे कागद आणि घेतलेल्या गोळीची रिकामी पट्टी सोबत ठेवा, आणि जमलं तर बायकोलाही घेऊन जा.